सहा घोडे, दहा घोडे आणि भास्कराचार्य

कॅन्टीनमध्ये बसलाय. आधी तीन वडापाव आणि दोन कटिंग मागवले. गप्पा लांबल्या, म्हणून आणखी दोन वडापाव आणि तीन कटिंग. उठताना काउंटरवरचा माणूस तोंडातल्या तोंडात हिशेब करतो: पाच वडापाव, पाच कटिंग. बरोबर? दहा वडाकटिंग असं तो कधीच म्हणत नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण वडापावात वडापाव मिळवायचा आणि चहात चहा, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता हाच हिशेब शाळेच्या वहीत आठवा. ३ एक्स अधिक २ वाय. पुढे बरोबरचं चिन्ह आणि मग झोकात लिहिलेलं ५ एक्सवाय. त्यावर बाईंची लाल फुली. मीही ती फुली खाल्ली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. पुस्तकात शब्द होता ‘सरूप पदं’. त्याआधीच्या पिढीच्या पुस्तकात ‘सजातीय पदं’ असायचा. शब्द पाठ झाला, परीक्षा झाली, विषय संपला. हा शब्द आला कुठून, असं विचारावंसं वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसेल.

तो शब्द ज्या विचारातून आला, तो साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत पुस्तकात स्वच्छ लिहिलेला आहे. पुस्तकाचं नाव ‘बीजगणित’. आपण ज्या विषयाला बीजगणित म्हणतो, त्याच नावाचं पुस्तक. लेखक भास्कराचार्य.

नाव ऐकलं की तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर व्हॉट्सॲपवरचा एखादा फॉरवर्ड येईल. त्यात भास्कराचार्यांनी जगातलं सगळंच शोधून काढलेलं असतं, शून्यापासून गुरुत्वाकर्षणापर्यंत. तो फॉरवर्ड जरा बाजूला ठेवू. खरा माणूस त्याहून कितीतरी मजेदार आहे.

त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. हे आपल्याला कळतं कारण त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. जुन्या काळातल्या लेखकांच्या बाबतीत हे फार कमी वेळा घडतं. गावही सांगितलंय: सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडवीड. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर. हे विज्जडवीड म्हणजे आजचं कुठलं गाव, यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. कुणी ते विजापूर मानतात, कुणी खानदेशात चाळीसगावच्या आसपास शोधतात. चाळीसगावचं पारडं जड का, ते पुढे येईलच.

तेव्हा या मुलुखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि सहावा विक्रमादित्य गादीवर होता. भास्कराचार्यांच्या हयातीतच ती सत्ता खिळखिळी झाली आणि त्यांच्या म्हातारपणी देवगिरीचे यादव वर आले. राजे बदलले, पण या घरातला धंदा एकच राहिला: आकाश आणि आकडे. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि भास्कराचार्य त्यांच्याकडेच शिकले. तेव्हाचा ज्योतिषी म्हणजे आजच्या पेपरात राशिभविष्य लिहिणारा नव्हे. ग्रहणं केव्हा लागणार, ग्रह कुठे असणार, तिथी कधी सुरू होणार, हे गणित करून सांगणारा माणूस. तिथे चूक झाली की ती साऱ्या गावाला दिसणार, कारण ग्रहण काही तुमच्या पुस्तकाची वाट बघत थांबत नाही.

११५० साली, छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यातल्या ‘लीलावती’ने अफाट नाव कमावलं. हंस, भुंगे, कमळं, मोडलेला बांबू, मोर आणि साप अशी देखणी उदाहरणं, तीही श्लोकांत. आणि त्या पुस्तकाला चिकटलेली एक गोष्ट: लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात घटिकापात्र सोडलं होतं, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडून भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि मग तिची समजूत काढायला वडिलांनी पुस्तक लिहिलं. तुम्ही ही गोष्ट नक्की ऐकली असेल. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, म्हणजे १५८७ सालच्या पुस्तकातून. भास्कराचार्यांनी स्वतः यातलं एक अक्षरही लिहिलेलं नाही. गोष्ट गोड आहे, सांगावीही. फक्त ती त्यांनी लिहून ठेवलेल्या माहितीच्या बेरजेत धरायची नाही.

मला मात्र ‘लीलावती’पेक्षा तिचं धाकटं भावंड जास्त आवडतं. ‘बीजगणित’ तसं रूक्ष, निदान पहिल्या नजरेत. पण या पुस्तकात भास्कराचार्य थेट तुमच्याशी बोलतात. उदाहरण घालताना मध्येच ‘सखे’ म्हणून हाक मारतात. मराठी कानाला वाटतं, कुणा मैत्रिणीला म्हणतायत. संस्कृतात ‘सखे’ ही मित्राला मारलेली हाक आहे. म्हणजे शेजारच्या बाकावरच्या दोस्ताला कोपराने ढोसून, हे सोडव बघू, असं म्हणण्यातला प्रकार.

पुस्तक सुरू होतं धन आणि ऋण संख्यांनी, मग शून्य, आणि मग येतं ‘अव्यक्त’. अव्यक्त म्हणजे जे अजून उघड झालेलं नाही ते. आपला एक्स. या एक्सला त्यांच्याकडे नाव होतं ‘यावत्तावत्’, म्हणजे जितकं असेल तितकं. केवढं प्रामाणिक नाव आहे बघा. किती आहे ते माहीत नाही, पण जितकं आहे तितकं आहे. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर घ्यायचं: ‘या’. एकाहून जास्त अज्ञात आले तर पुढची नावं रंगांची: काळा म्हणजे कालक, निळा म्हणजे नीलक, मग पीतक, लोहितक. लिहिताना का, नी, पी, लो. संस्कृतात वर्ण म्हणजे रंगही आणि अक्षरही, त्यामुळे ही सोय चपखल बसली. ज्या संख्येत अज्ञात काही नाही, ती ‘रूप’, म्हणून तिच्यामागे ‘रू’. वर्गाला ‘व’ जोडायचा, तेव्हा एक्सचा वर्ग झाला ‘याव’. ऋण दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब. अधिकचं चिन्ह नाहीच; शेजारी शेजारी लिहिलं की झाली बेरीज.

आणि मग नियम येतो, अर्ध्या श्लोकात मावणारा. एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते. वेगळ्या जातीच्या राशी वेगळ्या ठेवायच्या. झालं. ‘जाती’ हा शब्द इथे प्रकार या अर्थाने आहे, समाजातल्या जातीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकातलं ‘सजातीय’ हे या कुळातलं.

नियमामागोमाग पहिलं उदाहरण: एक अव्यक्त आणि एक रूप, यात मिळवा दोन अव्यक्त उणे आठ रूप. तुमच्या भाषेत एक्स अधिक १, त्यात २ एक्स वजा ८. ‘या’ची ‘या’शी बेरीज तीन, ‘रू’ची ‘रू’शी बेरीज उणे सात. उत्तर ३ एक्स वजा ७. सोपं आहे. पण पुढचं बघा. तीन अव्यक्तवर्ग आणि तीन रूप, त्यात मिळवा उणे दोन अव्यक्त. म्हणजे ३ एक्स वर्ग अधिक ३, आणि त्यात उणे २ एक्स. उत्तर? काहीच एकत्र होत नाही. तिघंही आपापल्या जागी उभे: ३ एक्स वर्ग, वजा २ एक्स, अधिक ३. हे उदाहरण घालणाऱ्या माणसाने नक्की कुणाला तरी शिकवलं असणार. एक्स आणि एक्सचा वर्ग दिसायला एकाच घरातले, म्हणून पोरं त्यांना एकत्र करणार, हे त्याला माहीत आहे. तो मुद्दाम सापळा लावतो आणि दाखवतो की एक्सवर्ग हा एक्सचा मोठा भाऊ असेल, पण ताट वेगळं.

का वेगळं? हे शाळेत नीट कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. ३ एक्स म्हणजे एक्स तीनदा. ५ एक्स म्हणजे एक्स पाचदा. एक्स काहीही असो, तीनदा आणि पाचदा मिळून आठदा होणारच. त्यासाठी एक्स किती हे कळायची गरजच नाही. ‘जितकं असेल तितकं’ या नावाची गंमत इथे आहे. पण एक्स तीनदा आणि वाय दोनदा यांना मिळून पाचदा म्हणायचं, तर पाचदा काय? त्याला नाव नाही. नाव हवं असेल तर एक्स आणि वाय यांचं एकमेकांशी नातं काय ते आधी कळायला हवं. ते कळेपर्यंत एकत्र केलंत, तर तुम्ही माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी लिहिली. बाईंची लाल फुली त्यासाठी होती.

गुणाकारात मात्र असा सोवळेपणा नाही. वेगळ्या रंगांचे दोन अव्यक्त खुशाल गुणता येतात, आणि जो गुणाकार तयार होतो त्याला ते ‘भावित’ म्हणतात. आपलं एक्सवाय. तेव्हा ५ एक्सवाय ही चीज अस्तित्वात आहे, फक्त ती बेरजेतून जन्मत नाही.

आता घोडे. ‘बीजगणिता’त समीकरणांचा भाग सुरू झाला की हे उदाहरण भेटतं. एकाकडे ३०० रूप आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे तसेच, त्याच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० रूप कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. घोड्याची किंमत काय? भास्कराचार्य दोन ओळी एकाखाली एक मांडतात. वर ‘या ६ रू ३००’. खाली ‘या १० रू १००’, आणि या शंभरावर टिंब, कारण ते कर्ज. मांडणी पाहा: ‘या’खाली ‘या’, ‘रू’खाली ‘रू’. सरूप पदं आपोआप एका उभ्या रकान्यात आली. एखादं पद एका बाजूला नसेलच, तर तिथे शून्य लिहायचं, म्हणजे रकाना मोडत नाही. मग एका रकान्यात वरून खाली वजा, दुसऱ्यात खालून वर वजा. दहातून सहा गेले, उरले ४ घोडे. तीनशेतून उणे शंभर वजा, म्हणजे ४००. एका घोड्याचे १००. पडताळा घ्या: दोघांकडेही ९०० रूप निघतात.

ही मांडणी मला शाळेत कुणी दाखवली असती तर, असं राहून राहून वाटतं. आपण समीकरण एका लांब ओळीत लिहितो आणि मग पदं इकडून तिकडे नेताना चिन्ह बदलायला विसरतो. इथे नेणं-आणणं नाहीच. रकाने आहेत, किराणा दुकानाच्या बिलासारखे. बगदादचा अल-ख्वारिज्मी याच्या तीनशे वर्षं आधीचा. त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून युरोपाने ‘अल्जिब्रा’ हा शब्द घेतला. तो समान पदं एकमेकांतून उडवण्याचं काम बरोबर करतो, पण सगळं शब्दांत, वाक्यांत. कागदावर रकाने मांडून नजरेनेच पदं ओळखायची ही रीत त्याच्याकडे नाही.

घोड्यांनंतर रत्नं येतात आणि इथे गंमत वाढते. एकाकडे ५ माणकं, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० रूप. दुसऱ्याकडे ७ माणकं, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ रूप. दोघं सारखेच श्रीमंत. प्रत्येक रत्नाची किंमत सांग. करून बघा. माणकांचा रकाना, नीलमण्यांचा, मोत्यांचा, रूपांचा. वजाबाकी केलीत की उरतं: दोन माणकं आणि एक नीलमणी यांची किंमत म्हणजे एक मोती आणि २८ रूप. आणि तुम्ही अडकता. तीन वेगळ्या जाती, समीकरण एकच. पुढे काय?

भास्कराचार्य इथे एक धाडस करतात, पण उघडपणे. समजा, माणकाची किंमत तीन ‘या’, नीलमण्याची दोन ‘या’ आणि मोत्याची एक ‘या’. म्हणजे वेगळ्या जातींना एका मापात आणलं. आता सगळं मिसळतं. पहिल्याकडे पंधरा, सोळा आणि सात मिळून ३८ या आणि ९० रूप. दुसऱ्याकडे एकवीस, अठरा आणि सहा मिळून ४५ या आणि ६२ रूप. सात या बरोबर २८, एक या म्हणजे ४. माणिक १२ चं, नीलमणी ८ चा, मोती ४ चा. पण हे एकमेव उत्तर नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. नीलमणी ५ चा आणि मोती ३ चा मानला, तर माणिक १३ चं निघतं. गृहीत बदललं की उत्तर बदलतं. वेगळ्या गोष्टी एकत्र करता येतात, पण त्यांच्यातलं नातं तुम्ही मानलेलं आहे, हे मोठ्याने सांगून. इंजिनीअरिंगचे, इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी हे रोज करतात. मोठ्याने सांगायला मात्र विसरतात.

आणखी एक जागा दाखवतो, माझी सर्वांत लाडकी. वर्गमुळं. ज्या संख्येचं वर्गमूळ सुटत नाही, तिला ते ‘करणी’ म्हणतात. प्रश्न: दोनचं वर्गमूळ आणि आठचं वर्गमूळ, यांची बेरीज काय? वरवर बघता विजातीय. एकाच्या आत दोन, दुसऱ्याच्या आत आठ. कुणीही म्हणेल, ठेवा वेगळी. पण भास्कराचार्य सांगतात, आधी दोघांचा गुणाकार करून बघा. दोन गुणिले आठ सोळा, आणि सोळा हा पूर्ण वर्ग आहे. म्हणजे हे दोघं आतून एकाच घरातले निघाले. मग दोन आणि आठची बेरीज १०, सोळाच्या मुळाची दुप्पट ८. दोन्ही मिळून १८. उत्तर अठराचं वर्गमूळ. तुम्हाला खात्री करायची असेल तर आठचं वर्गमूळ म्हणजे दोनच्या वर्गमुळाची दुप्पट, हे आठवा. एकदा आणि दोनदा मिळून तीनदा, आणि तीनदा म्हणजेच अठराचं वर्गमूळ. तीन आणि सत्तावीस यांचंही तसंच: गुणाकार ८१, पूर्ण वर्ग, बेरीज अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ. मग तिसरी जोडी येते, तीन आणि सात. गुणाकार २१. हा वर्ग नाही. यांना वेगळंच ठेवायचं.

म्हणजे कोण सरूप आणि कोण नाही, हे तोंडावळ्यावरून ठरत नाही. एक्स आणि एक्सचा वर्ग सारखे दिसतात आणि वेगळे असतात. दोन आणि आठची मुळं वेगळी दिसतात आणि सख्खी असतात. त्यासाठी कसोटी लागते, आणि ती त्यांनी देऊन ठेवली.

हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं का? नाही, आणि तसं ते म्हणतही नाहीत. पुस्तकाच्या शेवटी ते सरळ सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणितं फार विस्तृत आहेत, त्यातलं सार काढून हे शिष्यांसाठी लिहिलंय. रंगांची नावं ब्रह्मगुप्तांकडे ६२८ सालीच आहेत, सजातीयांच्या बेरजेचा नियमही आहे. पद्मनाभांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचं काही आपल्यापर्यंत पोचलं ते भास्कराचार्यांनी नाव घेतलं म्हणून. ज्यांच्या नावावर आपण हौसेने सगळ्यांचे शोध जमा करतो, त्या माणसाने स्वतःच्या खात्यात दुसऱ्याचं काही चढवलं नाही.

चुकाही आहेत. शून्याने भागलं तर काय, या प्रश्नात ते खोल गेले. येणारी राशी अनंत असते, तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, ती ढळत नाही, इथवर ठीक. पण एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागलं तर मूळ संख्या परत मिळते, असंही त्यांनी मानलं. आज हे तुम्ही पेपरात लिहिलंत तर मार्क जातील. माकडांच्या उदाहरणात मात्र ते सावध आहेत. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून जो वर्ग येतो तितकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पाचचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे काढणार? उणे दोन माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हे उत्तर त्यांनी सोडून दिलं. गणितात दोन्ही बसतात, कळपात एकच.

आणि ज्यांना अवघड आवडतं त्यांच्यासाठी: एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा, उत्तर पूर्ण वर्ग यायला हवं. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने काढलेली सर्वांत लहान संख्या २२६१५३९८० आहे. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने नेमकं हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं होतं. त्याला या पुस्तकाचा पत्ता नव्हता.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. पंचांग करणाऱ्यांना झटपट हिशेब करता यावा म्हणून केलेलं छोटं, कामाचं पुस्तक. म्हातारपणीही त्यांना पुतळ्याची नव्हे, वापरणाऱ्याची काळजी होती.

मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारात नेलं. त्याचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले, वाघावर बसून येणारे चांगदेव हे नव्हेत. नावावरून एकत्र करू नका.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, त्याला दान दिलं. त्या दानाचा शिलालेख चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, पाटणादेवीच्या परिसरात सापडला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांच्या आधीच्या सहा पिढ्या आणि नंतरच्या दोन आहेत. चाळीसगावचं पारडं जड म्हणालो ते यामुळे.

त्या शिलालेखात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शेवटचा भाग. वरचं सगळं डौलदार संस्कृत, राजांची आणि पंडितांची स्तुती. पण बाजारातल्या मालावर मठासाठी कुणी काय द्यायचं, हे सांगायची वेळ आली तशी भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. आठशे वर्षांपूर्वीची मराठी. पैसे कुणाकडून घ्यायचे, तर गावातल्या विक्रेत्यांकडून, आणि त्यांना कळायला हवं ना! म्हणजे गणिताच्या एका शाळेचा खर्च बाजारातून भागावा, अशी सोय दगडावर कोरून ठेवली होती.

मठ राहिला नाही. पुस्तक मात्र फिरत राहिलं. गोदाकाठच्या पाथरीत सूर्यदास नावाच्या पंडिताने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदीने ते फारसीत नेलं. १८१७ मध्ये हेन्री कोलब्रुक या इंग्रजाने संस्कृतावरून केलेलं भाषांतर लंडनमध्ये छापलं. तोवर युरोपात देकार्तचा एक्स रुळून पावणेदोनशे वर्षं झाली होती, आणि पुढे आपल्या शाळांतही तोच आला. या, का, नी, पी तुमच्या वहीत आले नाहीत ते त्यामुळे. कोलब्रुकच्या पुस्तकात ते सहा घोडे आणि दहा घोडे मात्र आहेत. तिथेही एका घोड्याची किंमत शंभरच निघते.